झील

दादांचे तुणतुणे अजून आमच्या घरात आहे. लाकडाची पोकळ नळी, खालच्या तोंडाला मढवलेले कातडे, त्याच्या मधोमध भोक पाडून वर ओढलेली एक तार आणि ती ताणायला बांबूच्या दांडीवर खुंटी. एवढेच. बोटाने दाबून सूर बदलायची सोय नाही. जो स्वर लावला तोच रात्रभर. लहानपणी मला याचा राग यायचा. शाहिराच्या हातात डफ असायचा, डोक्यावर फेटा, लोक टाळ्या त्यालाच द्यायचे. आणि माझे वडील मागे उभे राहून एका तारेवर टिंग टिंग करायचे.

दादा आयुष्यभर झीलकरीच राहिले. गाव वाळव्याकडचे, नोकरी गिरणीत, साचेखात्यात. शेकडो साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागे, आणि त्या आवाजात ते मनातल्या मनात स्वर धरून ठेवत. पाळी सुटली की चिंचपोकळीच्या चाळीत फड बसायचा. तरुणपणी त्यांनी परळच्या कामगार मैदानावर अमर शेखांना ऐकले होते. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर या शाहिरांची नावे आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. पण अमर शेखांचा पहाडी आवाज सांगून झाला की दादा हटकून मागच्या माणसांवर यायचे. झील कशी उचलली, कुठे आखडती घेतली, कुठे लांबवली.

पोवाडा नुसताच ऐकणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. शाहीर ओळ टाकतो. शेवटचा शब्द हवेत असतानाच मागचे दोघे-तिघे तो उचलतात आणि ‘जी जी रं जी’ म्हणत ओढत नेतात. तीच झील. तेवढ्यात शाहीर दम घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरची गर्दी न्याहाळतो. मला वाटायचे, झील असते ती एवढ्याचसाठी. दादा म्हणायचे, "शाहिराचं सोड. ऐकणाऱ्याला ऐकलेलं आत उतरवायला वेळ लागतो. तो वेळ आपण द्यायचा."

१९८२चा संप झाला. गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, फडही मोडला. चाळीतली खोली विकून आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आलो. तेव्हा इथे शेते होती, स्टेशनपर्यंत चिखल तुडवत जावे लागे आणि घराच्या दारातून जीवदानीचा डोंगर अख्खा दिसे. आता इमारतींच्या फटीतून दिसतो. दादांनी पुढे वॉचमनची नोकरी केली. तुणतुणे भिंतीवर होते. काही वर्षे ते कुणीच खाली काढले नाही.

मी शिकायला लागलो तेव्हा त्यांनी दोन वर्षे मला डफाला हात लावू दिला नाही. तुणतुणे आणि झील, बस्स. आणि वाचायला जुने पोवाडे. शाळिग्राम आणि ॲकवर्थ यांनी मिळवून १८९१ साली छापलेला संग्रह, पुढे य. न. केळकरांचे ‘ऐतिहासिक पोवाडे’. अगीनदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा, तुळशीदासाचा तानाजीचा. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चक्रावलो. चालीवर बसतच नव्हते. एक ओळ चार शब्दांची, पुढची चौदा शब्दांची. सरदारांची नावे, हत्यारे, वाटेतली गावे, लग्नाची बोलणी, सगळे सांगत सांगत जाणारे. आज पोवाडा म्हटला की लोकांना एक ठरावीक धडधडती चाल आठवते. जुना पोवाडा मुळात सांगणे आहे. तो घाई करीत नाही. या ठरावीक लांबी नसलेल्या ओळी उभ्या राहतात त्या झिलीच्या खांद्यावर. ओळ आखूड पडली तर मागचे लांबवतात, लांब झाली तर नुसत्या हुंकारावर सोडून देतात. पुस्तकात शब्द उतरतात. झील कोणी, कुठल्या पट्टीत, किती वेळ धरली, ते कागदावर उतरत नाही. शाहिराचे नाव शेवटच्या चौकात, म्हणजे कडव्यात, असते, म्हणून अगीनदास आणि तुळशीदास आपल्याला माहीत आहेत. त्यांच्यामागे कोण उभे होते, ते कुणालाच माहीत नाही.

आजीच्या गोष्टींतही हेच होते, ते मला फार उशिरा कळले. ती अंधारात गोष्ट सांगायची आणि आम्ही ‘हं’ म्हणायचे. ‘हं’ थांबला की गोष्ट थांबली. झोप लागली असे समजून ती थांबायची, असे वाटायचे. पण जागे असूनही आम्ही मुद्दाम गप्प राहिलो, तरी तिला पुढे जाताच यायचे नाही. एकदा जव्हारकडे वारली पाड्यावर रात्रभर कणसरीची कथा ऐकली. धरतरी, गावतरी आणि कणसरी. त्यातली कणसरी म्हणजे धान्याची माय. भगत घांगळी वाजवत गात होता. दोन भोपळे, बांबूची दांडी, तारा. भाषा मला अर्धी कळत होती. पण भोवती बसलेली माणसे अधूनमधून जो आवाज देत होती तो मी लगेच ओळखला. दादांच्या तारेचाच तो.

आता वसईचे सांगतो.

वसई तालुक्यात राहून वसईच्या लढाईचा पोवाडा माझ्याकडे नाही, म्हणून मी एक बांधला. १७३७ला साष्टीत पोर्तुगिजांविरुद्ध सुरू झालेली मोहीम, चिमाजी आप्पा, १७३९च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत चाललेला वेढा. सगळ्यांना आवडणारी जागा कुठली ते मला माहीत होते. किल्ला पडत नसेल तर माझे डोके तोफेला बांधून आत फेका, असे आप्पा म्हणाल्याची आख्यायिका. ती मी ‘लोक सांगतात’ असे म्हणूनच गातो. तानाजीच्या गोष्टीतली यशवंती घोरपडही तशीच. शाहिराने आख्यायिका टाकू नये आणि तिला बखरीचा शिक्काही मारू नये, असे माझे ठाम मत आहे.

पोवाड्याचा जीव मात्र दुसरीकडे आहे. सुरुंगांत. बुरुजाखाली पेरलेले काही सुरुंग उडाले, तट ढासळला, आपली माणसे खिंडाराकडे धावली, आणि राहिलेले सुरुंग मग उडाले. आपल्याच माणसांखाली. इथे मी आधी डफ घुमवायचो. दादांनी तो चौक ऐकला आणि हाताने थांब म्हणून खूण केली, साचेखात्यातली असावी तशी. त्यांनी तिथे झीलही घेऊ दिली नाही. चार मात्रा काहीच नाही. मग नुसती तार.

हा पोवाडा वसई गावात एका कार्यक्रमात गायलो. टाळ्या पडल्या. नंतर एक म्हातारी ख्रिस्ती बाई थांबून राहिली होती. लाल लुगडे, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "छान गातोस रे बाबा. पण आमची माणसं तेव्हा कुठे होती? ते नाही सांगितलंस."

मला उत्तर देता आले नाही. पोर्तुगीज इथे १५३४पासून होते, म्हणजे दोनशे वर्षे. किल्ला सोडताना त्यांच्या शिबंदीला हत्यारांसह मानाने जाऊ दिले, हेही माझ्या पोवाड्यात होते. पण तटाबाहेर वाड्यांमधून केळी, भाजी, पानवेली लावणारी, दर्यावर जाणारी, चर्चमध्ये जाणारी, इथल्याच मातीतली माणसे? त्यांना कुठलेच जहाज न्यायला आले नव्हते. ती इथेच राहिली. तिचे पणजे-खापरपणजे. मी गेली कितीतरी वर्षे त्यांच्याच वाडीतली केळी खातो आहे आणि माझ्या चार चौकांत त्यांना उभे राहायला जागा नव्हती.

नवा चौक जमायला सात-आठ महिने लागले. वेढ्याच्या शेवटच्या दिवसांत एक बाई पहाटे बावखलावर, वाडीतल्या तळ्यावर, पाण्याला जाते. तोफ वाजते, घागरीतले पाणी थरथरते, ती घागर भरून घरी येते. एवढेच घडते त्यात. तिच्या तोंडी मी एकही शब्द घातला नाही. कोणाच्या बाजूने बोलायला लावणार तिला? तो चौक म्हातारीच्या ओट्यावर बसून तिला म्हणून दाखवला. तिने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, "मे महिना ना? मग बावखलाचं पाणी खाली गेलेलं असतं. घागर अशी पटकन भरत नाही. वाकून, थांबून भरायला लागते."

मी ओळ बदलली नाही. झील बदलली. घागर भरण्याच्या जागी मागची माणसे आता जवळजवळ दुप्पट वेळ धरतात, अगदी हलक्या आवाजात, आणि तेवढा वेळ ती बाई वाकलेली राहते. आता दोन्ही जागा एकाच पोवाड्यात आहेत. सुरुंगाशी मागचे गप्प, बावखलाशी मागचे लांबवणारे. आप्पांच्या चौकाला अजूनही टाळ्या पडतात. बावखलाला पडत नाहीत. समोरच्या बाया मात्र पदर सावरायच्या थांबतात.

गेल्या वर्षी एका आयोजकांनी सांगितले, "शाहीर, तुम्ही एकटेच या. कोरस पेनड्राइव्हवर टाकून आणा. चार माणसांचे मानधन कशाला?" पैशांची ओढाताण मलाही कळते, सरळ बोलणारी माणसे होती ती. मी नाही म्हणालो. पेनड्राइव्हवरची झील दर वेळी तेवढीच लांब येते. समोर कोणी डोळे पुसत असले तरी, कोणी उठून निघाले असले तरी. मागचा जिवंत माणूस माझ्या खांद्याकडे बघत असतो. मी श्वास कुठे घेतला ते त्याला माझ्याआधी कळते.

आता रविवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर तालीम असते. पावसाळ्यात डफाचे कातडे सैल पडते. मग पत्र्याच्या डब्यात रद्दी पेटवून तो शेकायचा. फार जवळ धरला तर तडकतो, लांब धरला तर बोलत नाही. खालून कोणी ना कोणी ओरडते, "धूर कसला?" संगमेश्वरचा एक मुलगा येतो. त्याच्या घरी जाखडीचा नाच आहे, त्यामुळे आवाज खणखणीत, पण झील आधीच उचलतो. ओळ संपायच्या आत. सुरुंगाच्या जागी तर त्याला गप्प राहणे जमतच नाही. चार मात्रा म्हणजे त्याला युग वाटते. त्याच्या शेजारी माझी मुलगी आजोबांचे तुणतुणे धरून उभी राहते. तार आता नवी आहे, खुंटी जुनीच.

परवा तो चौक पुन्हा घेतला. तट ढासळला, माणसे धावली, मी थांबलो. मुलाने तोंड उघडले होते. मुलीने त्याच्याकडे न बघता डावा हात किंचित वर केला, थांब म्हणून. तिने दादांना गाताना कधी पाहिलेले नाही. खाली मनवेलपाड्याच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते. एक, दोन, तीन, चार. मग तिने तार छेडली.