ज्याची त्याची मांडणी

देव्हाऱ्याची जागा आणि वडिलांची आरामखुर्ची यांना कोणीं हात लावूं नये, असा आमच्या घरांत अलिखित दंडक आहे. संगणकाचा पडदाहि त्यांतच मोडतो, हें मात्र मला उशिरां कळलें.

रोडपालीच्या आमच्या घरांतील संगणक जुना. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, तेव्हां आम्हीं त्यावर लिनक्स बसविलें. लिनक्सची मौज अशी कीं, आंतील यंत्रणा तीच ठेवून वरची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, आपल्या आवडीनें निवडतां येतो. मीं एक्सएफसीई निवडला : १९९६ पासून चालत आलेला, हलका, जुन्या यंत्राला झेपणारा.

पुतण्याला तो जुनाट वाटला. एका रविवारीं त्यानें ग्नोम आणला. पडदा लख्ख मोकळा. हवें त्याचें नांव टाइप करून शोधावें. हा वाद आमच्याच घरांतला नव्हे. २०११ सालीं ग्नोमनें आपली जुनी मांडणी मोडली, तेव्हां रुसलेल्यांनीं सिनॅमन आणि माटे अशीं दोन निराळीं बिऱ्हाडें थाटलीं. (माटे हें येथें आडनांव नव्हे, दक्षिण अमेरिकेंतील एका पेयाचें नांव आहे!)

आम्हां काका-पुतण्यांचा वाद रंगांत आला असतां वडील मात्र गप्प होते. महिन्यानें मला दिसलें कीं, घरखर्चाचा हिशेब ते पुन्हां कागदी वहींत लिहूं लागले आहेत.

"अरे, पडद्यावरची माझी वही हरवली," ते म्हणाले, "आणि मुलांना कितीदां विचारायचें?"

वही हरवली नव्हती. पडद्यावरून फक्त तिचें चित्र गेलें होतें. पुतण्या खजील झाला. मी त्याहून अधिक. कारण पहिली निवड करतांना वडिलांना मींहि विचारलें नव्हतें. माझी आवड त्यांच्या हाताला जमली, हा केवळ योगायोग.

त्याच रात्रीं पुतण्यानें प्रत्येकाचें निराळें खातें उघडलें. यंत्र एकच, पण आपलें नांव निवडलें कीं आपली मांडणी समोर येते. त्याचा ग्नोम, माझा एक्सएफसीई. वडिलांचाहि एक्सएफसीईच, परंतु त्यांना विचारून, मोठ्या अक्षरांचा, आणि डाव्या कोपऱ्यांत हिशेबाची वही.

परवां ती वही सहज उघडी दिसली. शेवटची नोंद होती : 'नातवास बक्षीस, रुपये ५१.' माझ्या नांवें कांहींच नव्हतें!