चिंचोक्यापासून बुंध्यापर्यंत

बोन्साय करायचं असेल तर बियांच्या नादी लागू नका, असं मला सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. रोपवाटिकेतून मनगटाएवढ्या खोडाचं झाड आणा, छाटा, उथळ कुंडीत बसवा. त्या वाटेनेही सुंदर झाडं होतात. पण त्यांचा तळ आधी कुणीतरी वेगळ्याच हेतूने घडवलेला असतो. पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली असतात, नाहीतर सगळी एकाच अंगाला गेलेली. फांदी पुन्हा फुटते, शेंडा पुन्हा करता येतो. मुळं जिथून पसरतात तो बुंधा मोठ्या झाडात सुधारणं फार अवघड असतं. तो मनासारखा हवा, तर रोपाच्या पहिल्या पानापासून त्याच्यासोबत असावं लागतं. म्हणून मी चिंचोके पेरले.

माहेरी मिरजेकडे शेताच्या बांधावर जुन्या चिंचा आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी पडवीत बायका चिंच फोडायला बसतात. मीठ लागण्याआधी बाजूला पडलेले चिंचोके मी पदरात बांधून कोल्हापूरला आणते. चिंचेची पानं मुळातच बारीक, त्यामुळे झाड ठेंगणं राहिलं तरी प्रमाण बिघडत नाही. ऊन सोसते, छाटल्यावर जोमाने फुटते. बाजारात ‘बोन्सायच्या बिया’ म्हणून पाकिटं मिळतात, पण बोन्सायची अशी वेगळी बी नसतेच. बांधावरच्या पन्नास फुटी चिंचेचा आणि माझ्या गच्चीवरच्या चिंचेचा चिंचोका एकच.

लहानपणी चिंचोका फरशीवर घासून एकमेकांना चटके दिले, तेच घासणं इथे कामी येतं. कवच टणक असतं, पाणी लवकर आत शिरत नाही. एका कडेला तपकिरी साल जाऊन आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासायचं, मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी जे तळाशी बसून टच्च फुगलेले असतात ते घ्यायचे. मी पावसाची वाट पाहत नाही, वैशाखातच पेरते. उबेत बी लवकर उगवते आणि मृग लागेपर्यंत देठाला थोडा कणखरपणा येतो.

माती म्हणून जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत. विटांचा चुरा चाळून त्यातली धूळ काढून टाकणं हे माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचं काम. धूळ राहिली की दोन पाण्यांत मिश्रण दगडासारखं बसतं आणि मुळांना हवा मिळत नाही. चिंचोका पेराएवढा खोल टोचायचा. आठवडा-दोन आठवड्यांत माती उचलली जाते, वाकलेला देठ वर येतो आणि जाडजूड बीजदलं सरळ होतात. मग पहिली पिसासारखी पानं. संध्याकाळी ती मिटतात, इतकी कोवळी असतानाही. मला ते दर वर्षी नव्याने बघावंसं वाटतं.

खरी कसोटी त्यानंतर. कोल्हापूरचा आषाढ म्हणजे आठवडाभर ऊन नाही. टोमॅटो-मिरचीच्या रोपवाटिकेत ज्याला मर म्हणतात, ती याच दिवसांत येते. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरश्या मातीलगत देठ धरतात, तिथे तो पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक होतो आणि काल ताठ असलेलं रोप आडवं पडतं. पडलेलं रोप वाचत नाही, शेजारचं वाचवता येतं. म्हणून मी रोपं दाटीत ठेवत नाही. पेरतानाच ट्रायकोडर्मा मिसळते. ट्रे पत्र्याच्या आडोशाला, पण वारा खेळेल असा. पाणी सकाळीच, तेही बोट लावून वरचा थर सुकलेला लागला तरच. कोवळ्या रोपाला मायेपोटी दिलेलं जास्तीचं पाणी तहानेपेक्षा जास्त रोपं नेतं. एवढं करूनही काही जातात, आणि त्याचं वाईट वाटतं.

पावसाळ्यात तगलेल्या रोपांची पहिली बदली मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, नवी पालवी डोकावू लागली की करते. चिंचेचं सोटमूळ सरळ खाली धावतं. ते आखूड कापायचं, उरलेली बारीक मुळं चोहोबाजूंना चाकाच्या आऱ्यांसारखी पसरायची आणि खाली फरशीचा तुकडा ठेवून रोप त्यावर बसवायचं, म्हणजे मुळांना आडवंच जावं लागतं. खोडाला वळण द्यायचं तेही याच सुमाराला. हिरवा देठ दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या तारेने सहज वळतो. लाकूड धरलं की मोडतो. तार सालीत रुतण्याआधी सोडवावी लागते, आणि पावसात खोड इतक्या झपाट्याने भरतं की रोज नजर ठेवावी लागते.

सोटमूळ कापताना घरी आलेलं कुणीतरी म्हणतंच, हा झाडाचा छळ आहे. मला हा प्रश्न हलका वाटत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. 1625 पासून तो कुंडीत वाढवला जातोय. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाने तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, 1945 च्या अणुबॉम्बमधून तो वाचला आणि 1976 मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला. छळलेलं झाड चारशे वर्षं जगत नाही. मुळं कापली की नवी तंतुमुळं फुटतात, ताजी माती मिळते. उपासमार होते ती कुंडीत विसरून गेलेल्या झाडाची.

आणि रोपाला लहान ठेवण्याची घाई करायचीच नसते. उथळ कुंडीत लवकर गेलेलं रोप वर्षानुवर्षं पेन्सिलीएवढंच राहतं. खोड जाड होतं ते पानांच्या जोरावर, म्हणून माझी रोपं भोकांच्या प्लास्टिक टोपल्यांत मोकळी वाढतात. टोपलीच्या भोकाशी मुळाचं टोक हवेत सुकतं आणि मागे नवे फाटे फुटतात. निंबोळी पेंड, शेणखत, पिठ्या ढेकूण दिसला की कडुनिंबाचं तेल, याहून जास्त काही मी देत नाही. उंची माझ्या खांद्यापर्यंत जाते, बघणाऱ्याला त्यात बोन्साय दिसत नाही.

येत्या चैत्रात त्यांतल्या दोघांची पहिली मोठी छाटणी करायची आहे. खालून वीतभरावर एक चांगली फांदी निघाली आहे, तिच्या जरा वर खोड तिरकं कापायचं आणि त्या फांदीलाच शेंडा करायचं, म्हणजे खोड वर निमुळतं होत जाईल. तिसरं रोपही उंचीला तेवढंच आहे, पण त्याचा बुंधा अजून अंगठ्याएवढा झालेला नाही. त्याला आणखी एक पावसाळा टोपलीतच ठेवणार आहे.