गाडी परत दिली, हप्ता मात्र राहिला

ही गोष्ट सांगायला मला तीन-चार वर्षं लागली. आपल्या गोडादऱ्यात, लिंबायतला, डिंडोलीला टेम्पोवर घर चालवणारी कितीतरी खान्देशी कुटुंबं आहेत, म्हणून आज लिहितोय.

2018 च्या डिसेंबरात मी छोटा हत्ती घेतला, कर्जावर. कर्ज 3 लाख 80 हजार, हप्ता दहा हजार चारशेच्या आसपास, मुदत चार वर्षं. जामीनदार म्हणून माझ्या मेहुण्यांनी सही केली. आईनं गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. रिंगरोडच्या मार्केटमधून पार्सलं उचलायची, ट्रान्सपोर्टला टाकायची. दिवसाला तीन-चार भाडी मिळायची. वर्षभर एकही हप्ता चुकला नाही.

मग 2020 चा मार्च आला. मार्केट बंद, निम्मी गल्ली गावाला. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिने हप्त्याला सवलत दिली, ती मी घेतली. मला वाटलं, सहा हप्ते पुढे ढकलले, बस. व्याज चालूच होतं हे नंतर कळलं. वीस हजारांवर रक्कम मुद्दलात चढली. पुढे सात हप्ते कसेबसे भरले. 2021 च्या एप्रिलात दुसरी लाट आली आणि चार हप्ते थकले.

वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र यायचं: गल्लीतल्या सगळ्यांसमोर गाडी ओढून नेताहेत आणि माझी पोरं ओट्यावर उभी आहेत. त्यापेक्षा आपणच मानानं देऊन टाकू, असं ठरवलं. ऑगस्टमध्ये सकाळी गाडी धुतली, देवाचा फोटो काढून घेतला आणि यार्डात नेऊन चावी दिली. रिक्षानं परत येताना मन हलकं झालं होतं. घरी सांगितलं, "गाडी गेली, कर्ज फिटलं." मेहुण्यांना तर सांगितलंच नाही. लाज वाटली.

सहा महिन्यांनी पत्र आलं. बाकी होती 2 लाख 78 हजार. लिलावात गाडीचे आले 1 लाख 90 हजार. उरलेले 88 हजार माझ्याकडून येणं. गाडी नाही, भाडं नाही, आणि कर्ज आहेच! मी हातापाया पडलो, तेव्हा 45 हजारांत तडजोड झाली. बायकोची पोत मोडून भरले. कागद मिळाला, मी तो डब्यात ठेवून दिला.

2023 मध्ये मेहुण्यांनी डिंडोलीला रो-हाऊस बघितलं. बँकेतल्या साहेबांनी त्यांचा सिबिल रिपोर्ट पुढे ठेवला. माझं कर्ज त्यांच्या नावावर जामीनदार म्हणून दिसत होतं, आणि पुढे शेरा, 'सेटल्ड'. म्हणजे पूर्ण फेडलेलं नाही, कमी घेऊन मिटवलेलं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही, त्याचं घर माझ्यामुळे अडलं.

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दाजी, गाडी देण्याआधी एक फोन करायचा होता." तो शब्द अजून टोचतो.

आई म्हणाली, "गाडी गई ते जाऊ दे, नाव ऱ्हावाले जोयजे." माझे वडील गावी दर मार्चला सोसायटीचं नवं-जुनं करायचे, कुठून कुठून उसने आणून. तेव्हा आम्ही हसायचो.

मग मी सोडलेले 43 हजारही भरायचं ठरवलं. रात्री एका कारखान्यात डिलिव्हरीची चिठ्ठी लिहायचं काम धरलं आणि चौदा महिने थोडे थोडे साठवले. सगळे एकदम भरले, 'काही बाकी नाही' असं पत्र घेतलं, आणि दोघांच्याही रिपोर्टवर शेरा बदलून 'क्लोज्ड' करून घेतला. हप्ते थकल्याची जुनी नोंद मात्र लगेच पुसली जात नाही. असा इतिहास निदान सात वर्षं ठेवायचा नियम आहे. मेहुण्यांचं कर्ज पुढच्या खेपेला मंजूर झालं, पण ते रो-हाऊस तोवर दुसऱ्यानं घेतलं होतं.

गाडी परत देणं हा गुन्हा नाही. कधी कधी तोच शहाणपणा असतो. पण चावी देण्याआधी एवढं करा. लिलावात भाव पडतो, म्हणून फायनान्सवाल्यांची लेखी परवानगी घेऊन स्वतःच गिऱ्हाईक शोधता येतं का ते बघा. द्यावीच लागली तर किलोमीटर, टायर, स्टेपनी सगळं लिहिलेली पावती घ्या, फोटो काढा. विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी द्यावी लागते, ती मागा. तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी रिपोर्टवर काय शेरा येईल ते विचारा. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

आणि सगळ्यात आधी जामीनदाराला फोन करा. लाज वाटली तरी करा.

आता मी दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. मेहुण्यांनी या वर्षी गोडादऱ्यातच घर घेतलं, आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे. वास्तुशांतीला पहिला नारळ त्यांनी माझ्या हातात दिला.