फिल्ममध्ये दिसत होतं

अँजिओप्लास्टी अर्धवट सोडून मला टेबलावरून खाली घेतलं, त्याला आता दीड वर्ष होईल. अजून रात्री जाग आली की तेच डोळ्यांपुढं येतं.

वय ६८, मधुमेह २० वर्षांचा, जिना चढताना छाती भरून यायची. अँजिओग्राफीत डावीकडच्या मोठ्या शिरेत नव्वद टक्के ब्लॉक निघाला आणि दुसऱ्या दिवशी स्टेंट टाकायचं ठरलं. घरोघरी हीच कहाणी आहे, जास्त सांगत नाही.

कॅथलॅबमध्ये माणूस जागा असतो. मनगटातून नळी घातलेली, बाजूला स्क्रीन. पहिला बलून फुगवला. टेक्निशियन आकडे बोलत होता : बारा, चौदा, सोळा. मग दुसरा बलून. अठरा, वीस. मी चाळीस वर्षं शिरोली एमआयडीसीत टर्नर होतो, दाबाचा आकडा मला कळतो. वीस अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे ट्रकच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त. बलून फुगला की छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं. स्क्रीनवर तो दोन्ही टोकांना फुगलेला आणि मधे आवळलेला दिसायचा, डमरूसारखा. तिसराही तसाच. मग डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम फार आहे. इथं रोटा पाहिजे." आणि थोड्या वेळानं, "थांबूया."

बाहेर हिच्यापुढं कागद ठेवला. बायपास करा, नाहीतर पुण्याला न्या. रोटा म्हणजे काय, तो इथं का नाही, हे तिनं विचारलं तर उत्तर मिळालं, "पेशंटच्या शिराच तशा आहेत, ताई." जणू दोष माझाच. सही करताना तिचा हात इतका कापत होता की आडनाव अर्धंच आलं. तो कागद फाइलमध्ये आहे. बिलात तिन्ही बलून लावलेले, तेही आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच अँजिओग्राफीची सीडी लावली. डाय सोडण्याआधीचे दोन-तीन सेकंद त्यांनी थांबवून दाखवले. शिरेत अजून काहीच सोडलेलं नाही, तरी हृदयाच्या ठोक्याबरोबर दोन काळपट रेघा शेजारी शेजारी हलत होत्या. "काका, हे कॅल्शियम. शिरेच्या दोन्ही भिंतींत." मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. धाकटा म्हणाला, "बाबा, पुरे आता." पण माझं मन हटेना. आदल्या दिवशीच्या फिल्ममध्ये हे मला दिसतं, मग ज्याचा धंदाच तो आहे त्याला दिसलं नसेल? जॉब लेथवर चढवण्याआधी तो किती कडक आहे ते बघून टूल घ्यायचं, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. टूल नसेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगतो. मला फक्त आधी सांगायला हवं होतं.

पुण्यात रोटा झाला. बर नावाचं टूल, दीड मिलिमीटरचं, मोहरीच्या दाण्याएवढं. पुढच्या अर्ध्या भागावर हिऱ्याचे बारीक कण. आम्ही ग्राइंडिंग व्हील ड्रेस करायला हिराच वापरायचो, त्यामुळं ऐकून धीर आला. आमचा बेंच ग्राइंडर २८८० फेऱ्यांचा. हा मिनिटाला दीड लाखाच्या वर फिरतो, दाबाच्या वायूवर. मऊ भिंत लवचिक म्हणून बाजूला सरते, कडक तेवढं घासलं जातं. चुरा कुठं जातो, हे मी विचारलंच. तो रक्ताच्या तांबड्या पेशीहूनही बारीक असतो, रक्ताबरोबर पुढं वाहून जातो आणि यकृत-प्लीहा तो साफ करतात, असं सांगितलं. धोकेही लपवले नाहीत : शीर फाटू शकते, बर अडकू शकतो, पुढचा रक्तप्रवाह मंदावू शकतो.

टेबलावर तो आवाज ऐकला. दाताच्या डॉक्टरकडच्या ड्रिलसारखा, पण बारीक आणि वरच्या पट्टीतला. कॅल्शियमला टेकला की आवाज किंचित खाली यायचा, लगेच डॉक्टर बर मागं घ्यायचे आणि आवाज परत वर जायचा. पंधरा-वीस सेकंद, मग विश्रांती, मग पुन्हा. टूल दाबलं की फेऱ्या पडतात आणि उष्णता वाढते. हा माणूस दाबत नव्हता. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. त्यानंतर बलून फुगवला तेव्हा डमरू झाला नाही.

स्टेंटच्या किमतीला सरकारनं २०१७ साली मर्यादा घातली, म्हणून आपण स्टेंटचा भाव विचारतो आणि गप्प बसतो. विचारा : कॅल्शियम किती आहे? बलून उघडला नाही तर पुढं काय? ते मशीन तुमच्याकडं आहे का? डॉक्टर रागावले तर रागावू देत.

एक गोष्ट लिहायची राहिली, ती मला लिहायला जड जाते. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, पहिल्या डॉक्टरांनी त्या आवळलेल्या जागी जबरदस्तीनं स्टेंट ठोकला असता तर तो अर्धवट उघडून तसाच बसला असता. त्यात गुठळी झाली असती, किंवा शीर पुन्हा बंद पडली असती, आणि आमचंही काम फार अवघड झालं असतं. म्हणजे ज्याच्यावर मी दीड वर्ष चिडलोय, त्यानं ऐनवेळी हात आवरला. चढलेल्या जॉबवरून हात काढायला काय लागतं, ते मला माहीत आहे. त्यासाठी मी त्याला मानतो.

पण फिल्म त्यानं आदल्या दिवशी पाहिली होती.