प्रयोजनाचा रकाना

परमुलखात बदलून आलेल्या माणसाने तेथील लोकांचा स्वभाव कशावरून ओळखावा? कोणी म्हणेल भाषेवरून, कोणी म्हणेल जेवणावरून. आमचा अनुभव असा की, माणसे कोणत्या वस्तूची स्तुती करताना थकत नाहीत, ते पाहावे. मिरजेस दोन जाणते एकत्र आले की तंबोऱ्याच्या भोपळ्याविषयी आणि जवारीविषयी बोलतील. जयपुरास बनीपार्कात ज्या घराच्या मागल्या अंगास आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो, त्या घराच्या ओसरीवर दर रविवारी सायंकाळी चार-पाच वृद्ध जमतात आणि रायफलींविषयी बोलतात.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील एक कारकून. आमच्या घराण्यात कोणी बंदूक हाती धरल्याचे ऐकिवात नाही. खंडेनवमीस आमच्याकडे पाटावर मांडले जाई ते वडिलांचे रेमिंग्टन टंकयंत्र. रेमिंग्टन हा मुळात बंदुका करणारा कारखाना असून १८७३ साली त्याने टंकयंत्रे करावयास घेतली, ही माहिती आम्ही एकदा त्या ओसरीवर सांगितली, तेव्हा आमचे घरमालक ठाकूरसाहेब प्रसन्न झाले. ‘म्हणजे आपणही आमच्यातलेच,’ असे म्हणून त्यांनी आम्हांस मुढ्यावर बसविले. त्या दिवसापासून आम्ही त्या मंडळाचे श्रोते झालो.

या मंडळींच्या रायफली राजेरजवाड्यांच्या नव्हेत. महाराजांच्या जोडनळ्या लंडनच्या नामांकित कारागिरांकडून मापे देऊन घडविल्या जात. त्यांची किंमत ऐकून आमच्यासारख्याने कानांवर हात ठेवावेत. लहान ठिकाणांचे ठाकूर, लष्करी अधिकारी, सधन व्यापारी यांनी घेतली ती कारखान्यात तयार होणारी, परंतु पहिल्या प्रतीची बोल्टची रायफल. दाराच्या कडीप्रमाणे तिचा बोल्ट उचलावयाचा, मागे ओढावयाचा, पुढे लोटावयाचा आणि खाली दाबावयाचा. एवढ्यात रिकामे टरफल बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीत बसते. दिसावयास सोपी वाटणारी ही क्रिया कोणत्या कारखान्याने अधिक निर्दोष साधली, यावर ओसरीवर वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे, आणि तो मिटावा अशी कोणाचीही इच्छा नाही.

निवृत्त कर्नलसाहेबांकडे माउझर आहे. पॉल माउझरने १८९८ साली सिद्ध केलेल्या यंत्रणेत बोल्टाच्या कडेला पोलादाची एक लांब नखी असते. काडतूस पेटीतून वर येताच ती त्याच्या बुडाची कड पकडते आणि टरफल बाहेर फेकीपर्यंत सोडीत नाही. रायफल तिरपी असो वा उलटी, काडतूस मध्येच निसटून अडकण्याची भीती नाही. ‘वाघ समोर असताना माणसाचा हात घाबरतो, नखी घाबरत नाही,’ हे कर्नलसाहेबांचे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, ते सुरू होताच शेवट आम्ही मनात पुरा करतो. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा निकाल लावल्याबद्दल १९०७ साली जी रिग्बी रायफल भेट मिळाली, तिच्या पोटातही माउझरचीच यंत्रणा होती. ती रायफल २०१६ साली त्याच कारखान्याने भारतात आणून दाखविली, हे सांगताना कर्नलसाहेबांचा चेहरा एखाद्या आप्ताचा सत्कार झाल्यासारखा उजळतो.

दुसऱ्या एका सद्गृहस्थांकडे अमेरिकेची विंचेस्टर सत्तर आहे. १९३६ साली ही रायफल बाजारात आली आणि तिलाही माउझरसारखी नखी होती. १९६४ साली कारखान्याने खर्च वाचविण्यासाठी घडण बदलली, नखी काढून टाकली आणि मालकवर्गात हाहाकार उडाला. अखेर १९९२ साली कारखान्याला जुनी पद्धत परत आणावी लागली; तथापि जुने मालक आजही ‘चौसष्टच्या आधीची की नंतरची?’ हा प्रश्न विचारल्याखेरीज पुढे बोलत नाहीत. काटकसरीच्या नावाखाली नेमकी उपयोगाची गोष्ट प्रथम काढून टाकावयाची, ही रीत आम्हां कचेरीतल्या लोकांस परकी नाही. सद्गृहस्थांची रायफल १९५८ सालची आहे. ती तारीख ते आपल्या जन्मतारखेहून अधिक ठामपणे सांगतात.

ठाकूरसाहेबांची रायफल मॅनलिकर-शोनावर. ऑस्ट्रियातील स्टायर गावच्या कारखान्यात हिचा पहिला नमुना १९०३ साली निघाला. तिचा लाकडी दस्ता नळीच्या टोकापर्यंत गेलेला आहे, बोल्टाची मूठ चमच्यासारखी चपटी आहे आणि काडतुसांची पेटी इतर सर्वांहून निराळी आहे. आत दोऱ्याच्या रिळासारखे एक फिरते चाक असते. पाच काडतुसे त्याच्या खाचांत बसतात आणि एकेक गेले की चाक आपोआप फिरून पुढचे वर येते. एकदा ठाकूरसाहेबांनी रिकाम्या रायफलीचा बोल्ट आम्हांस ओढून पाहावयास दिला. तुपात बोट फिरावे तसा तो सरकला. पोलादावर पोलाद घासते आहे हे सांगूनही खरे वाटले नसते. त्या क्षणी आम्हांस या वृद्धांच्या वेडाचा पहिला अर्थ लागला.

गुणांइतकीच गाऱ्हाणीही मालकांना प्रिय असतात. मॅनलिकरवर दुर्बीण बसविणे जिकिरीचे, कारण बोल्टाची मूठ जेथून मागे जाते तेथे वरचा पूल मधोमध चिरलेला असतो. जयपूरच्या मे महिन्यात अक्रोडाचे लाकूड कोरडे पडते, पावसाळ्यात पुन्हा फुगते. म्हणून वर्षातून दोनदा जवसाचे तेल तळहाताने जिरवावे लागते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील मसाल्याचे क्षार नळीत राहून गंज धरीत. तेव्हा शिकारीहून परतल्यावर आधी नळीतून उकळते पाणी ओतावयाचे, मग स्वतः चहा घ्यावयाचा, असा ठाकूरसाहेबांच्या वडिलांचा दंडक होता. सर्वांत मोठे गाऱ्हाणे मात्र असे की, ते फिरते चाक ज्या काडतुसाच्या मापाने घडविले, त्याच काडतुसाला ते मानते. दुसरे बळेच घातले तर अडते. आणि साडेसहा मिलिमीटरची ती काडतुसे इकडे मिळेनाशी होऊन कित्येक वर्षे लोटली. १९७२ साली या रायफलीचे उत्पादन थांबले. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला तोही त्याच साली. ठाकूरसाहेब हा योगायोग मानीत नाहीत. ‘काम संपले, कारागीर उठला,’ असे म्हणतात.

येथे वाचकांच्या मनात एक शंका उभी राहील, ती आमच्याही मनात होती. ज्या वस्तूने रानेच्या राने रिकामी केली तिची ही आरती कशासाठी? १९६१ च्या जानेवारीत इंग्लंडच्या राणी जयपुरास आल्या तेव्हा सवाई माधोपूरच्या रानात त्यांच्या पतींनी वाघ मारला. त्या बंदोबस्तात खपलेले एक तरुण वनाधिकारी फतेहसिंह राठोड. त्यांनीच पुढे रणथंभोरचे वाघ वाचविण्यात आयुष्य घातले आणि २०११ साली ते निवर्तले. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली. त्यानंतरही चोरट्यांनी सरिस्का असे निपटले की, २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि २००८ साली रणथंभोरहून वाघ नेऊन सोडावे लागले. हे सर्व आम्ही एका रविवारी भीत भीत बोलून दाखविले.

ठाकूरसाहेब रागावले नाहीत. काही वेळाने म्हणाले, ‘बाबूजी, वाईट रायफल जनावराला जखमी करून रानात तडफडत सोडते. चांगली एका गोळीत संपविते. आमच्या वडिलांना वाटे, चांगली रायफल म्हणजे दया. ते खोटे नव्हते. पण दयेने मारलेले हरीणही मोजणीतून कमीच होते. नेम चुकेनासा झाला, म्हणूनच रान लवकर संपले.’ चांगल्या वस्तूच्या चांगुलपणावरच असा आरोप तिच्या मालकाने ठेवलेला आम्ही प्रथमच ऐकला. कर्नलसाहेबांनीही माउझरची नखी त्या दिवशी पुन्हा काढली नाही.

हा सगळा वाद ओसरीपुरताच राहता. परंतु डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वी एका माणसास तीन शस्त्रे ठेवता येत. नव्या तरतुदीने दोनच ठेवावयाची. विधेयकात प्रथम एकच म्हटले होते, त्यावर राजस्थानातून बरीच ओरड झाली आणि संख्या दोनवर आली. वारशाने आलेल्या शस्त्रालाही सवलत नाही. तिसरे शस्त्र वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे. ठाकूरसाहेबांकडे तीन होती: बारा बोअरची जोडनळी, वडिलांची मॅनलिकर, आणि त्यांनी स्वतः पहिल्या कमाईतून घेतलेली ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ‘तीनशे पंधरा’.

ही तिसरी म्हणजे रायफलींतील कारकून. दिसावयास ओबडधोबड, चाप जड, बोल्ट कुरकुरणारा. परंतु तिची काडतुसे मिळतात आणि त्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ अशी अक्षरे कोरलेली असतात. ती अक्षरे खडकीच्या कारखान्याची आहेत, हे कळले तेव्हा पुण्यापासून इतक्या दूर त्या पितळी चकतीकडे पाहून आमच्या पोटात काहीतरी हलले, हे कबूल करावयास हवे. बदलीवर गेलेल्या माणसास गावाचे नाव कोठे भेटेल याचा नेम नाही.

कोणती द्यावी, याविषयी ओसरीवर मतभेद नव्हता. जिला काडतूस नाही ती मॅनलिकर द्यावी. शेतावर रात्री-अपरात्री जावे लागते, ‘तीनशे पंधरा’ जवळ असावी. ठाकूरसाहेबांचे चिरंजीव गुडगावी नोकरीस असतात. त्यांनी दूरध्वनीवरून सांगितले, ‘हुकम, तिन्ही देऊन टाका. माझ्या सदनिकेत बंदुकीला जागा नाही.’ ठाकूरसाहेब ऐकत राहिले. वर्ष साथीच्या गोंधळात निघून गेले, ओसरीवरची बैठकही बंद पडली. नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्यांनी आम्हांस बोलावले. सरकारी मसुदा लिहिण्यास सरकारी माणूस बरा, असे त्यांचे मत.

कागदांत एक रकाना प्रयोजनाचा होता. जुन्या परवान्यावर मॅनलिकरपुढे ‘शिकार’ असे लिहिलेले. तो शब्द आता लिहिण्यासारखा उरला नव्हता. संरक्षण म्हणावे तर काडतूस नाही. आम्ही लेखणी उचलून थांबलो आणि साहजिकच विचारले, ‘मग हीच जमा करावयाची ना?’

‘नाही,’ ते म्हणाले. ‘तीनशे पंधरा लिहा.’

आम्ही कारण विचारले नसते. पण त्यांनीच सांगितले. ‘तीनशे पंधराला कोणीही घेईल. तिच्यात जीव आहे, काडतूस आहे. उद्या दुसऱ्या कोणाच्या शेतावर ती पहारा देईल. हिला आता कोण विचारणार? शिवाय घरात एक रायफल राहणारच असेल, तर जी कोणाला मारू शकत नाही ती राहू द्या. तेल लावण्यापुरता हात मात्र मला हवा.’ आणि प्रयोजनापुढे त्यांनी ‘वारसा’ असे लिहविले. त्या शब्दाने त्यांच्या स्वतःच्या कमाईची वस्तू घराबाहेर जात होती, हे त्यांनी बोलून दाखविले नाही, आणि आम्हीही दाखविले नाही.

आम्हांस तो निर्णय व्यवहाराचा वाटला नाही. परंतु चुकीचा आहे असे म्हणण्याचे धैर्यही झाले नाही. वडिलांचे टंकयंत्र आम्ही बदलीबरोबर तीन गावी वाहून नेले आहे. त्याची फीत मिळत नाही आणि आमच्या कचेरीत आता सर्व काम संगणकावर चालते. तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या कळा पुसताना, हे यंत्र कशासाठी ठेवले, असे कोणी विचारले तर कोणत्या रकान्यात काय लिहावे, हे आम्हांसही सांगता येणार नाही. काही वस्तूंचे काम संपते, ते संपणे योग्यही असते, आणि तरी त्या ज्या निगुतीने घडविल्या गेल्या तिचे ऋण मागे उरते. ते ऋण वापराने फिटत नाही, निगेने फिटते, एवढेच आम्हांस त्या संध्याकाळी कळले.

दुसऱ्या दिवशी ठाकूरसाहेबांनी ‘तीनशे पंधरा’ दोन तास साफ केली. मॅनलिकरला लावीत तेच तेल, तोच मऊ कपडा. मग आम्ही दोघे एका परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानी गेलो. सतरा काडतुसे गल्ल्यावर ओळीने मांडून मोजली गेली. सतरा वेळा खडकीची अक्षरे आमच्या डोळ्यांपुढून गेली. दुकानातील लेखनिकाने पावती केली: रायफल एक नग, काडतुसे सतरा नग, स्थिती चालू.

ठाकूरसाहेबांनी चष्मा लावून पावती वाचली आणि नम्रपणे म्हणाले, ‘स्थिती उत्तम, असे लिहा ना.’

लेखनिकाने त्यांच्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. पुस्तकात ‘चालू’ आणि ‘नादुरुस्त’ असे दोनच शब्द छापलेले होते. मग त्याने ‘चालू’ या शब्दापुढे पेनाने लहान अक्षरांत ‘उत्तम’ लिहिले आणि शेजारी आपली सही केली.