पुन्हा एकदा ऐकून पाहावे

मंडळी, आज जरा लांबची गोष्ट सांगतो. अगदी हजारो प्रकाशवर्षे लांबची.

उन्हाळ्याच्या रात्री आमच्या नामपूरला गच्चीवरून दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडा वर नरतुरंग दिसतो. त्याच दिशेला साध्या डोळ्यांना न दिसणारी एक जोडी आहे. एक सूर्याहून लहान तारा आणि दुसरा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वस्तुमान सूर्याहून जास्त, पण रुंदी वीस-पंचवीस किलोमीटर. साधारण नामपूर ते सटाणा! सात तासांच्या आत दोघांची एकमेकांभोवती एक फेरी होते.

अशा जोडीत न्यूट्रॉन तारा सोबत्याचा वायू ओढून घेतो. त्या वायूची भोवती तबकडी होते, ती तापते आणि क्ष-किरण बाहेर पडतात. पडणाऱ्या वायूमुळे ताऱ्याची गिरकी वाढत जाते. थकलेला तारा असा पुन्हा चपळ होतो, हे १९८२ मध्ये ज्यांनी सुचवले त्यांत बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे राधाकृष्णन आणि श्रीनिवासनही होते. पण हे काम कोट्यवधी वर्षांचे. माणसाच्या आयुष्यात त्यातले काय दिसणार?

तर २०१२ च्या अखेरीस काही आठवड्यांतच या जोडीचे तेज मंदावले. तबकडी नाहीशी झाली. पूर्वी तिथे रेडिओ स्पंद शोधले होते, सापडले नव्हते. आता नारायणगावजवळच्या खोडदची महादुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आपली जीएमआरटी, तिकडे वळवली. २०१४ मध्ये जयंत रॉय, भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांना स्पंद मिळाले. सेकंदाला सुमारे ५९३ गिरक्या! दुसऱ्या एका जोडीत जून २०१३ मध्ये नेमके उलटे घडले. स्पंद थांबले आणि तबकडी परत आली. म्हणजे हा बदल दोन्ही दिशांनी होतो. आणि स्पंद ऐकू येत नसले, तरी तारा आत फिरतच असतो.

हे वाचल्यापासून मनातून जात नाही. घरी काय चालले आहे ते नातेवाइकांना ठाऊक आहेच. हिचा विसरभोळेपणा आता विसरभोळेपणा राहिलेला नाही. काही दिवस ती माझ्याकडे परक्यासारखी पाहते. मग एखाद्या सकाळी अचानक विचारते, "अहो, कांदा चाळीत भरला का?" आणि भाव काय मिळेल यावर दहा मिनिटे बोलते. मग पुन्हा गप्प.

ताऱ्यांचा नियम माणसांना लावू नये, एवढे मला कळते. हिचा आजार मागे फिरणारा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तरी एक विनंती. तिने एकदा ओळखले नाही म्हणून पुढच्या वेळी फोन टाळू नका. "त्यांना कशाला त्रास," असे म्हणू नका. खोडदच्या लोकांनी आधी काही मिळाले नव्हते म्हणून कान फिरवला असता, तर ते स्पंद कुणी ऐकले असते?

सकाळी दहाच्या सुमारास ती जरा ताजी असते. तेव्हा करा.