तरंगती धावपट्टी

सातपुड्याच्या एका उंच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरांवर, अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा वसले आहे. वऱ्हाडच्या उन्हाने होरपळलेल्या माणसाला हे ठिकाण म्हणजे मोठाच विसावा वाटतो. तेथे पंचबोल नावाची एक जागा आहे. दरीच्या काठाशी उभे राहून हाक मारली, की समोरचे डोंगर ती झेलतात आणि पुन्हा पुन्हा परत पाठवितात. एक बोल पाच वेळा ऐकू येतो असे सांगतात. म्हणून ह्या जागेस पंचबोल हे नाव पडले. अकोला-अमरावतीकडील शाळांच्या सहली तेथे आल्या म्हणजे मुलांच्या हाकांनी सारी दरी दुमदुमून जाते.

हिवाळ्यातील एका सकाळी अशीच एक सहल तेथे येऊन पोहोचली. दरीत धुके दाटले होते. पलीकडचा डोंगर मुळीच दिसत नव्हता. बरोबरच्या गुरुजींनी मुलांना विचारले, "समोरचा डोंगर डोळ्यांना दिसत नाही. मग तो किती दूर आहे, हे कसे सांगाल?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. गुरुजी म्हणाले, "हाक मारा आणि घड्याळ पाहा. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हाक दोन सेकंदांनी परत आली, तर तिने जाऊन-येऊन ६८० मीटर वाट चालली. म्हणजे डोंगर ३४० मीटरांवर आहे. रडार हे यंत्र नेमके हेच करते. मात्र ते ध्वनीऐवजी रेडिओलहरी सोडते, आणि त्या सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने धावतात. आकाशातील विमानावर आपटून ज्या लहरी परत येतात, त्यांवरून विमान कोठे आहे आणि किती दूर आहे, हे कळते. काळोख असो, धुके असो, रडारला त्याची फारशी अडचण पडत नाही."

मागे उभ्या असलेल्या एका मुलीने हळूच विचारले, "गुरुजी, अन् डोंगरानं आवाज गिळूनच टाकला तं?"

मुले हसली, परंतु गुरुजी हसले नाहीत. त्या एका प्रश्नावर जगातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी आपले आयुष्य वेचले आहे, हे त्यांस ठाऊक होते.

साद घातली असता प्रतिसाद न देणारे विमान, ही ती कल्पना होय. अशा विमानास 'स्टेल्थ' विमान म्हणतात. ते अदृश्य नसते. दिवसाउजेडी जवळून गेले, तर कोणासही दिसेल. त्याची सारी करामत रडारला हुलकावणी देण्यात आहे. त्याच्या अंगाचे पृष्ठभाग आणि कडा अशा तिरप्या बेतलेल्या असतात, की वर आपटलेल्या लहरी आल्या वाटेने परत न जाता भलतीकडे वळतात. अंगावर विशिष्ट द्रव्यांचा लेप असतो. तो उरलेल्या लहरींपैकी पुष्कळशा शोषून घेतो. बाँब आणि क्षेपणास्त्रे पंखांखाली न टांगता पोटातील कप्प्यात ठेवतात, कारण बाहेर आलेली प्रत्येक वस्तू लहरी परत पाठविते. यंत्रातून निघणारी उष्णता लपविण्याचीही खटपट केलेली असते. अमेरिकेचे एफ-११७ हे अशा प्रकारचे विमान १९८१ मध्ये प्रथम उडाले. आणि ते अस्तित्वात आहे, हे जगाला १९८८ मध्ये सांगण्यात आले! पुढे २०२१ मध्ये एफ-३५सी हे स्टेल्थ विमान विमानवाहू नौकेवरून प्रत्यक्ष मोहिमेवर गेले. भारतातही अशा विमानाची आखणी करून ते घडविण्याच्या कार्यास मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली.

विमान कितीही चतुर असले, तरी त्याची एक गरज सुटत नाही. त्याला उडण्यास आणि उतरण्यास जागा लागते. इंधन संपत आले, की मोठमोठ्या गरुडालाही घरट्याकडे वळावेच लागते.

पंचबोल पाहून मुले गाविलगडावर गेली. हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली ह्या इंग्रज सेनापतीने त्याच्या तटाला खिंडार पाडून तो घेतला. तट भक्कम होते, कडे उभे होते. परंतु किल्ला जागचा हलू शकत नव्हता. शत्रू जेथून सोयीचे तेथून चाल करून आला. जमिनीवरील विमानतळाचेही असेच असते. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा येथून मुंबईकडे प्रवासी विमान जाऊ लागले, तेव्हा साऱ्या वऱ्हाडास आनंद झाला. तेथील धावपट्टी १,८५० मीटर लांब आहे. परंतु ती बेलोऱ्यालाच राहणार. ती उचलून कोणाला हवी तेथे नेता येणार नाही.

समुद्रावर मात्र माणसाने धावपट्टीलाच चालावयास लावले. विमानवाहू नौका ती हीच. भारताची आजची 'विक्रांत' ही नौका २६२ मीटर लांब आहे. म्हणजे बेलोऱ्याच्या धावपट्टीचा सातवा हिस्सा. एवढ्याशा जागेतून विमान उडते कसे? नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगाने चालू लागते. वारा ताशी ३० किलोमीटर आणि नौका ताशी ४० किलोमीटर असली, तर उभ्या विमानाच्या पंखांनाही ताशी ७० किलोमीटर वारा लाभतो. विमान तेवढ्या वेगाचे कर्ज नौकेकडून घेऊनच धावू लागते. उतरणे त्याहून अवघड. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. तो डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकला, की विमान थोडक्या अंतरात थांबते. डेकला चाके टेकताक्षणीच वैमानिक यंत्राला पुरा जोर देतो. कारण आकडा तारेत अडकलाच नाही, तर त्यास त्याच क्षणी पुन्हा आकाशात झेप घ्यावी लागते. थांबण्याची आशा धरावयाची आणि उडण्याची तयारी ठेवावयाची, अशी ही विलक्षण विद्या आहे.

"पण गुरुजी," एका मुलाने विचारले, "समुद्र तर आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्याच्याशी आपले काय नाते?"

ह्या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडच्या काळ्या मातीतच आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. त्यामुळे तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले, बंदरे खुली झाली आणि भाव कोसळले. ज्याने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, अशा शेतकऱ्याच्या अंगणातील चढउतार सातासमुद्रांपलीकडच्या युद्धनौकांनी ठरविले! १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला आणि हे नाते अधिकच घट्ट झाले. आजही भारताच्या परदेशी व्यापारातील मालाचा आकारमानाने सुमारे ९५ टक्के भाग समुद्रमार्गे जातो-येतो. ट्रॅक्टरमधील डिझेल ज्या खनिज तेलापासून बनते, त्यातील पुष्कळसे जहाजातूनच येते. समुद्राची वाट राखणारे जे राखतात, ते वऱ्हाडाचेही असते.

ही वाट राखण्याची कसोटी १९७१ मध्ये आली. तिची कथा पहिल्या 'विक्रांत'ची कथा आहे.

ब्रिटनमध्ये अर्धवट बांधून ठेवलेली ही नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती भारतीय नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईस आली. परंतु १९६५ चे युद्ध झाले, तेव्हा ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. ती रुखरुख नौदलाच्या मनात राहिली. त्यातच पुढे तिच्या बॉयलरांच्या जलपात्रांना तडे गेले. नवे भाग वेळेवर मिळेनात. वाफेचा दाब कमी ठेवावा लागे, आणि दाब कमी म्हणजे वेग कमी. वेग कमी, तर विमानांच्या पंखांना वारा कमी. अशी लंगडी नौका युद्धात न्यावी, की सुरक्षित बंदरात ठेवावी? गेली आणि बुडाली, तर शेकडो माणसे जातील. न गेली, तर पुन्हा १९६५ ची रुखरुख. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा ह्यांनी ती बंगालच्या उपसागरात पाठविण्याचे ठरविले. कॅप्टन स्वराज प्रकाश हे तिचे कप्तान होते. अभियंत्यांनी कमी दाबावर बॉयलर काळजीपूर्वक चालवून पाहिले; वैमानिकांनी तेवढ्याच वेगावर उडण्याउतरण्याचा सराव केला.

पाकिस्तानने 'विक्रांत'चा शोध घेण्यासाठी 'गाझी' ही पाणबुडी कराचीहून पाठविली. तेव्हा रडारला फसविणारी विमाने आपल्याकडे नव्हती. परंतु हुलकावणी देण्याची बुद्धी होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन ह्यांनी 'विक्रांत'ला अंदमान बेटांतील एका आडबाजूच्या ठिकाणी दडविले. इकडे विशाखापट्टणमजवळ 'राजपूत' ह्या जुन्या विनाशिकेने 'विक्रांत' असल्याचे सोंग घेतले आणि भरमसाट बिनतारी संदेश सोडले. बाजारात धान्य, मांस, भाजीपाला ह्यांची मोठी मागणी नोंदविण्यात आली. 'विक्रांत'वरील एका नाविकाने आपल्या आजारी आईची विचारपूस करणारी तार केली आहे, असाही देखावा करण्यात आला. 'गाझी' विशाखापट्टणमकडे आली, आणि ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री आपल्या सर्व नाविकांसह बुडाली. तीही कोणाची तरी मुले होती, हे विजयाच्या आनंदात विसरावयाचे नसते.

४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी 'विक्रांत'च्या डेकवरून 'सी हॉक' विमाने उडाली. लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता त्यांचे नेतृत्व करीत होते. त्यांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला. त्याच दिवशी चितगाववरही चढाई झाली. पुढील दिवसांत 'सी हॉक' आणि 'आलिझे' ही विमाने बंदरे आणि जहाजे ह्यांवर तुटून पडत राहिली. पूर्व पाकिस्तानातील सैन्याला समुद्रमार्गे कुमक मिळणे किंवा निसटून जाणे दुरापास्त झाले. १६ डिसेंबर रोजी ढाका येथे त्या सैन्याने शरणागती पत्करली आणि बांगला देश स्वतंत्र झाला. कॅप्टन स्वराज प्रकाश आणि लेफ्टनंट कमांडर गुप्ता ह्यांस महावीरचक्र देण्यात आले. ज्या नौकेला पुरते धावता येत नव्हते, तिने एका किनाऱ्याची दारे बंद करून दाखविली.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा काही अंश वितळवून २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एका मोटारसायकलीत वापरण्यात आला. कोण जाणे, वऱ्हाडातील एखाद्या पांदीतूनही ते पोलाद धावत गेले असेल!

नाव मात्र मोडीत निघाले नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे, भारतात बांधलेली नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाला नवे निशाण मिळाले. त्यावरील अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. समुद्रात सिंधुदुर्ग उभारणाऱ्या राजाचे स्मरण नव्या सागरी दुर्गाने करावे, हे उचितच होय. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी भारतात घडविलेले 'तेजस'चे नौदलासाठीचे विमान तिच्यावर प्रथम उतरले.

सहल परतावयास निघाली, तेव्हा उन्हे कलली होती आणि धुके केव्हाच विरले होते. पंचबोलपाशी गाडी क्षणभर थांबली. ती मुलगी दरीकडे पाहत उभी राहिली. तिने गुरुजींना विचारले, "गुरुजी, विमान आवाज गिळते, ते यंत्रामुळे. पण विक्रांतला तर यंत्रानेच दगा दिला होता. मग ती जिंकली कशी?"

गुरुजी म्हणाले, "यंत्र जेथे कमी पडले, तेथे माणसे कमी पडली नाहीत. उद्या तुमच्यापैकी कोणी असे विमान घडवील, कोणी ते उडवील. पण एवढे ध्यानात ठेवा."

मुलीने दरीत एक हाक घातली. समोरचे डोंगर आता स्पष्ट दिसत होते. त्यांनी ती हाक जशीच्या तशी परत केली.